गोधडीवरचं शेकरू

मी भरलेलं शेकरू सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "खार चांगली आलीय गं."

मला काय बोलावं सुचेना. चार संध्याकाळी खपून मी ते भरलं होतं. तांबूस अंग, सायीच्या रंगाचं पोट, पाठीवर वळवून घेतलेली झुपकेदार शेपटी. सासूबाईंचं माहेर आहुप्याच्या बाजूचं. देवराईच्या कडेनं गुरं राखत त्या वाढल्या, शेकरू त्यांचं लहानपणापासूनचं ओळखीचं. त्यांना ते ओळखू आलं नाही म्हणजे माझं मुळातच काहीतरी चुकलं होतं. पण काय चुकलं, ते कितीही बघितलं तरी मला दिसत नव्हतं.

सुरुवात माझ्या लेकीनं केली. वन्यजीवांच्या अभ्यासासाठी तिचं देहरादूनला जायचं ठरलं. तिथल्या थंडीसाठी चांगली दुलई घेऊन देते म्हटलं, तर ती म्हणाली, "मला आजीच्या हातची गोधडी हवी. आणि तिच्यावर आपल्याकडचे प्राणी हवेत. गोधडी आजी शिवेल, प्राणी तू भर." शेकरू, हरियाल, राणी पाकोळी आणि बिबट्या अशी यादीही तिनं दिली. शेकरू आपला राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, आणि राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉर्मॉन हे २०१५ पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू. बिबट्याला असा काही मान नाही, पण जुन्नर-आंबेगावच्या माणसाला रानातल्या जनावरांची कुठलीही यादी बिबट्याशिवाय पुरी वाटत नाही.

मी पुण्यात एका कचेरीत हिशेबाचं काम करते. भरतकाम म्हणाल तर शाळेत असताना रुमालाच्या कोपऱ्यावर साखळी टाक्याची फुलं भरली होती, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली. गोधड्या लग्नापासून पांघरत आले, पण गोधडी शिवताना शेवटपर्यंत जवळ बसून कधी पाहिली नव्हती. तरीही हो म्हणाले. लेक घरातून पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणार होती.

मार्चअखेरची कामं उरकली आणि मी सुट्टी काढून सासरी गेले. आमचं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. सासूबाईंनी तोवर पेटी उघडून ठेवली होती. तिच्यात आजेसासूबाईंची पाच लुगडी होती. एक डाळिंबी रंगाचं, दोन हिरवी, एक काळ्या चौकड्यांचं आणि एक इतकं विरलेलं की हातात घेतलं तर पलीकडचं दिसावं. अशी विरलेली लुगडी मधल्या थरात घालायची असतात हे मला तेव्हा कळलं. खाली अख्खं लुगडं, मध्ये धोतराचे आणि जुन्या पातळांचे थर, वर चांगल्या उरलेल्या भागांचे तुकडे. सात फूट लांब, पाच फूट रुंद. पडवी झाडून सासूबाईंनी एकेक थर अंथरला, हातानं सारवल्यासारखा साफ केला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि मला म्हणाल्या, "आता तुझी जनावरं कुठं बसवायची ती सांग."

मला कुठे म्हणजे कुठल्या जागी हेही ठरवता येईना, आणि कुठल्या थरावर हेही. वरच्या तुकड्यावर आधी भरून मग तो तुकडा गोधडीला लावायचा? की सगळे थर एकत्र ठेवून वरून भरायचं? मी दुसरं निवडलं, कारण मला वाटलं, सगळे थर एकत्र असले म्हणजे चित्र फळ्यावर काढावं तसं निवांत काढता येईल.

दोऱ्याच्या लडी मी पुण्याहून आणल्या होत्या. एक लडी आठ मीटरची, सहा पदरांची. एकट्या शेकरूसाठी मी तपकिरी रंगाच्या नऊ छटा घेतल्या होत्या. दुकानात रंग एकमेकांजवळ ठेवून पाहताना फार आनंद झाला होता, पण कुठली छटा अंगावर कुठे येते याचा मला पत्ता नव्हता. त्यातल्या एका तांबड्या दोऱ्याचा रंग सुटतो हे नमुन्याचं फडकं धुतल्यावर कळलं. सगळं फडकं गुलाबी झालं. गोधडी वर्षावर्षाला धुतली जाते, म्हणून कोणी हे काम करणार असेल तर एवढं जरूर करावं: दोरा ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून घासावा आणि कापडाला रंग लागला तर ती लडी बाजूला ठेवावी. मी तशा दोन लडी बाजूला ठेवल्या.

पहिला दिवस रिंगेपाशीच अडला. भरतकामाच्या लाकडी रिंगेत एक पदर कापड छान ताणलं जातं. गोधडीचे सहा-सात थर तिच्यात मावतच नाहीत. स्क्रू पुरता सैल करून मी ते कसेबसे कोंबले, तर बाहेरची कडी निसटून दोनदा अंगणात घरंगळत गेली. तिसऱ्यांदा ती बसली, पण काढल्यावर कापडावर असा वळ उठला की पाण्याचा हात फिरवूनही जाईना. मग रिंग सोडली आणि हातानंच भरायला घेतलं. मला येत होता तो भरीव टाका: सुई खालून वर काढायची, आकाराच्या दुसऱ्या कडेला वरून खाली घालायची, पुन्हा खालून वर. त्यासाठी एक हात कापडाखाली हवा. रुमालाला तो असतो. सात फुटी गोधडीच्या मधोमध खाली हात घालायचा तर निम्मी गोधडी गोळा करून मांडीवर घ्यावी लागते, आणि ती गोळा केली की आतले थर सरकतात. माझे थर सरकले. शेकरूच्या भोवती कापड फुग्यासारखं वर आलं, भरीव टाक्यांनी ओढून चुण्या पडल्या आणि सहा पदरी दोरा इतक्या थरांतून ओढताना पिंजून निघाला.

हे सगळं मी सासूबाईंना दाखवलं तेव्हाच त्या म्हणाल्या, "खार चांगली आलीय." नंतर त्यांनी गोधडी उलटी केली आणि तिच्यावर तळवा फिरवला. माझ्या सगळ्या गाठी मागच्या बाजूला होत्या, मुगाएवढ्या. "ह्या पोरीला रातभर टोचतील," एवढंच त्या बोलल्या. चित्र कसं दिसतं यापेक्षा अंगाला कसं लागतं हे त्यांनी आधी पाहिलं, आणि गोधडीच्या बाबतीत तेच बरोबर आहे. ते पांघरायचं कापड आहे.

त्या रात्री मी चिमणीएवढ्या कात्रीनं चार संध्याकाळचं काम उसवलं. उसवताना रडू आलं, ते सांगायला मला संकोच वाटत नाही. आजेसासूबाईंच्या लुगड्याला भोकं पडली होती आणि ती पुन्हा बुजणार नव्हती.

सकाळी मी सासूबाईंच्या शेजारी नुसती बसून राहिले. त्या गोधडीवरच बसून शिवत होत्या. उजव्या हातात सुई, मधल्या बोटात पितळी अंगुस्तान, डावा हात कापडावर पसरलेला. खाली हात जातच नव्हता. सुईचं टोक थरांतून खाली जाई, फरशीला लागल्याचा बारीक आवाज येई आणि तिथूनच ते वर वळे. पुन्हा खाली, पुन्हा वर. सुईवर चार-पाच टाके गोळा झाले की अंगुस्तानानं रेटा द्यायचा आणि दोरा सरकन ओढून घ्यायचा. डावा हात फक्त थर दाबून धरतो. धावदोरा असा वरच्या वर घालता येतो, म्हणून गोधडी धावदोऱ्यानं शिवतात. इतक्या साध्या गोष्टीपाशी मी पाच दिवस अडखळले होते. मी गोधडीवर रुमालाचं काम करायला गेले होते.

गाठीचंही त्यांनी दाखवलं. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त घेतला की गुंता होतो. शेवटाला बारीक गाठ मारायची, सुई कामाच्या जागेपासून बोटभर अलीकडे फक्त वरच्या थरातून घालायची, नेमक्या जागी बाहेर काढायची आणि दोऱ्याला हलका हिसका द्यायचा. टुप्प असा आवाज होतो आणि गाठ वरच्या थरातून आत जाऊन मधल्या थरांत बसते. वर दिसत नाही, खाली टोचत नाही. पहिल्यांदा तो आवाज माझ्या हातून झाला तेव्हा मी त्यांचा हात धरला.

आणि कच्चे टाके. आधी साऱ्या गोधडीभर वीतभर अंतरावर लांब-लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना बांधून घ्यायचे, मग कडेनं सुरुवात करून आत आत यायचं. मी उतावीळपणे मधूनच सुरुवात केली होती, फुगा त्यामुळे आला.

तंत्र थोडं हाताशी आलं, पण शेकरूचं कोडं सुटलं नव्हतं. ते सुटावं म्हणून लेकीनं मला भीमाशंकरच्या जंगलात नेलं. मे महिन्यातली पहाट होती. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, आणि तरीही तिथं जाऊन ते दिसेलच असं नाही, म्हणून मी फार आशा धरली नव्हती. आधी घरटी दिसली. उंच झाडाच्या शेंड्याकडे, पानं आणि काटक्या यांचे मोठे गोळे. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात, लेक सांगत होती. तेवढ्यात वरून कर्रर्र असा खडखडीत आवाज आला, आणि एका उंबराच्या फांदीवर ते होतं.

मागच्या दोन पायांनी फांदी घट्ट धरलेली. सगळं अंग फांदीच्या एका बाजूला झुकलेलं, जवळजवळ उलटं. पुढच्या दोन हातांत उंबर. आणि फांदीच्या दुसऱ्या बाजूला शेपटी, सरळ खाली लोंबत असलेली, अंगापेक्षा लांब. तराजूच्या दोन पारड्यांसारखं. शेपटीचा भार नसता तर ते तसं झुकून खाऊच शकलं नसतं. मी दहा मिनिटं मान वर करून उभी होते. शेपटी एकदाही पाठीवर गेली नाही. माझ्या मनात होती ती अंगणातली खार, बसून दाणे खाताना शेपटी वर घेणारी. तिलाच मी मोठी करून तांबडी रंगवली होती. सासूबाईंनी जे पाहिलं ते खरोखरच खारीचं चित्र होतं.

मग शेकरूनं फळ टाकलं, दोन पावलं चालून पलीकडच्या झाडाकडे झेप घेतली आणि पानांत नाहीसं झालं. शेकरू वीस फुटांपर्यंतची उडी मारतं हे मी वाचलं होतं. डोक्यावरून ते तसं गेलं तेव्हा अंगावर काटा आला.

घरी आल्यावर सासूबाईंना मी ते सगळं हातवारे करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेच की. शेपटी खाली लोंबती त्याची. मला वाटलं तुला म्हाईत असंल."

शेकरूचा रंग मी नऊ लडींमध्ये शोधत होते, तो पेटीतच होता. डाळिंबी लुगडं धुऊन धुऊन जिथे फिकं पडलं होतं तिथला रंग हुबेहूब त्या पाठीचा. मग दोऱ्यानं अंग भरायचा हट्ट सोडला आणि त्या लुगड्याचाच तुकडा शेकरूच्या आकारात कापला, कडा पाव इंच आत मुडपून गोधडीवर टाचला. काळपट भागावर पेन्सिल उमटत नाही, तिथे साबणाच्या चिपटीनं रेषा काढल्या. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत शेकरू अडीच-तीन फूट भरतं आणि गोधडीत तेवढी जागा होती, म्हणून ते खऱ्या मापाचं केलं. पोटाला जुन्या धोतराचा पिवळट झालेला तुकडा लावला. शेपटीचं टोक फिकट असतं, तिथे लुगड्याचा अगदी उडालेला भाग घेतला.

दोरा मात्र हवा होता, केसांसाठी. लेकीनं तेव्हा मला बंगालच्या कांथांची छायाचित्रं दाखवली. तिकडेही जुन्या साड्या आणि धोतरांचे थर असेच एकत्र शिवतात, पण तिथल्या बायकांनी त्यांच्यावर हत्ती, वाघ, मोर, मासे असं सगळं जग शिवून ठेवलंय, आणि बहुतेक धावदोऱ्यानंच. कलेतिहासकार स्टेला क्रॅमरिश यांनी जमवलेल्या कांथा फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहेत. त्या बायका रंगीत दोरा विकत आणत नसत, जुन्या साडीच्या काठातून तो ओढून काढत. मी हे वाचून दाखवलं, तर सासूबाई लगेच डाळिंबी लुगड्याचा काठ घेऊन बसल्या. काठाची कड किंचित उसवायची, एक धागा सुईच्या टोकानं मोकळा करायचा आणि हळूच ओढायचा. पाचांतला एखादा हातभर निघतो, बाकीचे तुटतात. दुपारभर बसून आम्ही दोघींनी दोन बोटं जाडीची गुंडी केली. शेकरूच्या केसांचा प्रत्येक टाका त्या दोऱ्याचा आहे. माझ्या तपकिरी लडी उरल्या तशाच राहिल्या.

टाक्यांची दिशा ही वेगळीच विद्या आहे. पाठीवर केस मानेकडून शेपटीकडे जातात, म्हणून टाकेही तसेच गेले पाहिजेत. एक ओळ मी चुकून आडवी घातली, तर तिथे अंगावर जखम झाल्यासारखं दिसायला लागलं. शेपटीत मधली एक रेघ धरून टाके दोन्ही बाजूंना बाहेर फेकायचे, बाजरीच्या कणसाची तुसं असतात तसे, एक लांब, एक आखूड. लांबी सारखी ठेवली तर शेपटी फणीसारखी दिसते. डोळ्याला गाठीचा टाका घातला, काळा. तो निर्जीव वाटला. त्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचा एकच टाका, तांदळाच्या कणीएवढा, घातला आणि शेकरू माझ्याकडे बघायला लागलं.

बिबट्याला आधी विरोध झाला. शेजारच्या काकू पडवीत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अंगावर वाघ कशाला घ्यायचा पोरीनं?" आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. काकूंचं म्हणणं उगाच नव्हतं. आमच्या भागात उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, संध्याकाळी पोरांना एकटं सोडत नाहीत, आणि सासूबाईंची स्वतःची शेळी गोठ्याच्या दारातून गेलेली आहे. माणसंही गेलीत. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरापुढे बिबट्याचं कौतुक करायला माझी जीभ रेटणार नाही. सासूबाई बराच वेळ शिवत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढ. पण पायथ्याशी काढ, आणि तोंड भाईर कर त्याचं. पोरीकडं पाठ. राखण करील." तसाच तो काढला.

काढतानाही चुकले. फोनवर सापडलेल्या एका सुंदर चित्रावरून मी ठिपके उतरवून घेतले आणि मानेपासून कमरेपर्यंत भरत आणले. लेकीनं पाहिलं आणि विचारलं, "आई, हा अमेरिकेतून कधी आला?" तो जॅग्वार होता. जॅग्वारच्या अंगावरच्या काळ्या फुलांच्या आत आणखी बारीक ठिपके असतात. बिबट्याच्या फुलांच्या पोटात काही नसतं, फक्त अंगापेक्षा जरा गडद पिवळसर रंग. शिवाय ती फुलं अखंड गोल नसतात, तीन-चार तुटक पाकळ्या जवळजवळ आलेल्या असतात. चेहऱ्यावर आणि पायांवर फुलं नाहीतच, तिथे भरीव ठिपके. मी पुन्हा उसवलं. पण या वेळी उसवताना दुःख नव्हतं, कारण तुटक पाकळ्या म्हणजे धावदोराच. तीन टाके, एक फट, दोन टाके, एक फट, आणि फूल पुरं. भरीव टाक्यात जे मला साधत नव्हतं ते गोधडीच्या रोजच्या टाक्यात आपोआप उतरत होतं. एकेक फूल रुपयाच्या नाण्याएवढं. मी कोपऱ्यात बसून ती घालत होते आणि सासूबाई समोरच्या कडेनं धावदोरा घेऊन येत होत्या.

हरियाल मात्र वेगळ्या रीतीनं केला. तो लहान, रंग बरेच: डोकं राखाडी, छाती हिरवट पिवळी, खांद्याशी जांभळट डाग. पाय पिवळे, आणि ते पिवळेच हवेत, कारण आपल्या ओळखीच्या पारव्याचे पाय लाल असतात. त्यासाठी हिरव्या लुगड्याचा एक पदरी तुकडा रिंगेत ताणून दोन पदरी दोऱ्यानं लांब-आखूड टाक्यात भरला आणि मग ठिगळासारखा गोधडीला जोडला. दिसायला तो चौघांत देखणा आहे. पण हात फिरवला की तेवढी जागा पुठ्ठ्यासारखी कडक लागते. मला तो पुन्हा करावासा वाटतो. राणी पाकोळी एका दिवसात झाली: काळ्या चौकड्यांचं लुगडं, निळ्या दोऱ्याचे पट्टे, मागच्या पंखांवर निळ्यात काळे ठिपके. आमच्या परसातल्या लिंबावर तिच्या अळ्या असतात. म्हणून ती उशाच्या कोपऱ्यात, लिंबाच्या एका पानासह.

सगळ्यात मोठा प्रश्न शेवटी आला, आणि तो सासूबाईंनी कोणाला न विचारता सोडवला. त्यांच्या धावदोऱ्याच्या ओळी कडेनं सरळ चालत येत होत्या. मध्ये शेकरू आलं. मला वाटलं त्या त्याच्यावरून सरळ जातील आणि माझ्या केसांचे टाके मोडतील. ओळ शेकरूच्या पाठीपाशी आली, तिथे त्यांनी सुई वळवली आणि पाठीच्या बाकाला धरून ती पुढे नेली. दुसरी ओळ पहिलीच्या बाहेरून, तिसरी दुसरीच्या बाहेरून. ओढ्यातल्या धोंड्याला पाणी वळसा घालतं तशा सगळ्या ओळी शेकरूभोवती वळल्या आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सरळ झाल्या. त्यांनी आयुष्यभर सरळ ओळींच्या गोधड्या शिवल्या होत्या. मी विचारलं, "आई, असं आधी कधी केलं होतंत?" त्या म्हणाल्या, "आधी मधी कोण बसलंच नव्हतं."

जूनच्या अखेरीस, पाऊस सुरू झाल्यावर, आम्ही कच्चे टाके काढले. धावदोऱ्याच्या ओळी मोजायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि वळशांपाशी दोन्ही वेळा चुकले. लेकीच्या गाडीचा दिवस आला तेव्हा बिबट्याचा मागचा डावा पाय राहिला होता. त्याच्यावर ठिपके नाहीत, नुसती साबणाची रेघ आहे. गोधडीच्या घडीत एक सुई, काळ्या दोऱ्याची लडी आणि सासूबाईंचं पितळी अंगुस्तान ठेवून दिलं. तो पाय ती देहरादूनला भरणार आहे.